लाटेचा भार आणि मंडळी

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र, अध्याय ६, ओवी २



शिरड शहापूरपासून समुद्र फार दूर आहे. परंतु आपल्या औंढा नागनाथ तालुक्यांतच पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे, आणि वारा सुटला म्हणजे सांचलेलें पाणी काठावर कसें आपटतें हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. तेवढ्या लाटेनेंहि माती ढांसळते. मग पावसाळ्यांतील समुद्रापुढें काय टिकावें?

आपलीं मुलें कामधंद्यासाठीं मुंबईस जातात. तेथें मरीन ड्राइव्हच्या कठड्याखालीं चार पायांचे काँक्रीटचे मोठे ठोकळे त्यांस दिसतात. त्यांस टेट्रापॉड म्हणतात. ही आकृति १९५० सालीं फ्रान्सांतील ग्रनोब्ल येथील अभियंत्यांनीं काढली, आणि मोरोक्को देशांत कासाब्लांका येथें एका वीजकेंद्राच्या रक्षणार्थ ती प्रथम वापरण्यांत आली.

तिच्यांतील मर्म असें. सपाट भिंतीवर लाट आदळली कीं भिंत तिला परत फेंकते. तें परतणारें पाणी पायथ्याची वाळू उकरून नेतें, आणि भक्कम दिसणारी भिंत एके दिवशीं पुढें कलते. हे ठोकळे लाटेला आंत येऊं देतात. त्यांच्या रचनेंत सुमारें निम्मी जागा मोकळीच असते. तींत शिरून लाट अनेक धारांत फुटते व तिचा जोर वांटला जातो.

मंडळीवरहि लाटा येतात. एखाद्या घरीं आजारपण येतें, कर्ज होतें, हळदीचें पीक बुडतें, किंवा बाप्तिस्मा घेतला म्हणून भावकी बोलणें सोडते. अशा वेळीं कित्येकजण सपाट भिंत होतात : शिवीस शिवी, फिर्यादीस फिर्याद. त्यांत पाया कोणाचा खचतो हें तालुक्याच्या कचेरींत खेटे घालणाऱ्यांस विचारावें! दुसरे कित्येक एकटेच सोसतात व मुकाट्यानें मंडळींतून निघून जातात. पौलानें एकमेकांचीं ओझीं वाहण्याची जी आज्ञा केली, ती एका बलवान् पुरुषास नव्हे, सर्वांस केली.

बळाची घमेंडहि उपयोगी नाहीं. पोर्तुगालांत सिनेस बंदराच्या बांधावर दुसऱ्या आकाराचे, ४२ टनांचे ठोकळे होते. फेब्रुवारी १९७८ च्या वादळांत त्यांपैकीं पुष्कळ मोडले. काँक्रीट दाब सोसतें. पण ठोकळा जाग्यावर डुलूं लागला व शेजाऱ्यावर आदळूं लागला, कीं त्याचे पाय तुटतात. मंडळींतील मोठ्या घराण्यांनीं हें वाचून ठेवावें.

आतां उपदेशकांसाठीं एक गोष्ट. क्रेननें एकेक ठोकळा उचलून तो शेजाऱ्याच्या पायांत अडकेल असा बसवितात, आणि आरंभ तळापासून करितात. तळची रांग पाण्याखालीं असते, कोणास दिसत नाहीं. पण ती सरकली तर वरच्या सर्व रांगा घसरतात. आमच्या मतें आपल्या मंडळ्यांची तळची रांग म्हणजे विधवा, म्हातारीं माणसें, आणि आईबाप उसतोडीस गेल्यावर आजीजवळ राहिलेलीं लेंकरें. वर्गणीच्या वहींत त्यांचीं नांवें क्वचितच सांपडतात.

येत्या रविवारीं उपासनेनंतर उपदेशकांनीं पंचांसह बसावें, आणि कोणतें घर महिनाभर आलें नाहीं तें काढावें. दिवस मावळण्यापूर्वीं दोघांनीं तेथें जावें. पैसा नसेल तर पायलीभर जोंधळे न्यावे. आजारी असेल तर दवाखान्यांत रात्रीं कोण बसणार, तें त्याच ओसरीवर ठरवावें.