सोवळ्यातलं पाणी

दत्तजयंतीच्या आधी आमच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह असतो. वडिलांपासून चालत आलेला. सात दिवस सोवळं, हविष्यान्न, चटईवर झोप, आणि प्यायचं पाणी वेगळ्या कळशीत. तिला घरातल्यांचाही हात लागू द्यायचा नाही. चार वर्षांपूर्वी याच सप्ताहात तिसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. दवंडी ऐकली ती पोथीवर बसलेलो असताना. विषय पिण्याच्या पाण्याचा, कारण तपासणीत गावाला लाल कार्ड मिळालं होतं. मी गेलो नाही. देवाचं सोडून सभेला कोण जातो?

सभा तहकूब झाली. कायद्याने एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जी संख्या कमी तेवढी माणसं लागतात. आमच्याकडे शंभरच हवी होती, तीही जमली नाहीत. त्याच संध्याकाळी आरतीला अडीचशे तरी असतील. देवळाच्या पायरीवर चपला ठेवायला जागा नव्हती.

जयंती झाली आणि गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या काकूंना सलाईन लावावं लागलं. माझा नातू दोन दिवस नुसता पडून होता. शोध घेतला तेव्हा कळलं की टाकीत टीसीएल पावडर रोज पडत होती, दोष तिथे नव्हताच. खालच्या आळीत पाइप गटारातून गेलाय, तिथला सांधा गळका. पाणी चालू असतं तोवर ते बाहेर गळतं. बंद झालं की पाइपात ओढ बसते आणि गटारातलं आत शिरतं. सकाळचं पहिलं पाणी वास मारतं हे तिथल्या बायकांना महिनाभर ठाऊक होतं. पण सांगायचं कुठे?

आमची सोवळ्यातली कळशी त्याच पाइपावर भरत होती. हे लक्षात आलं तेव्हा लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

अवधूताने यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यांत पाणी आहे. स्वतः निर्मळ असावं आणि दुसऱ्यालाही निर्मळ करावं, हा त्याचा गुण. आम्ही त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा घेतला.

लोक म्हणतात, आपण मत दिलं, पाणीपट्टी भरली, पुढचं पंचायतीने बघावं. खरं आहे, दुरुस्ती त्यांनीच करायची. पण ज्याच्या दारात बोअर आहे त्या सदस्याला नळाच्या पाण्याचा वास कसा कळणार? ज्याला कळतं तो सभेत बोलला, तरच ते कागदावर येतं. औषध-डॉक्टर त्यानंतरची गोष्ट.

गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांची पुण्यतिथी 20 डिसेंबरची, बहुतेक दत्तजयंतीच्या आगेमागेच येते. सरकारने त्यांच्या नावाने 2000-01 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा आम्हीही झाडू घेऊन फोटो काढले होते! ते असो.

हल्ली मी पहाटे चारला पोथी उघडतो. सभा असली तरी तोवर त्या दिवसाचे अध्याय पुरे झालेले असतात. धाकट्या भावाला हे रुचत नाही. सप्ताहात चारचौघांत मिसळू नये, असं त्याचं म्हणणं. त्याचंही चुकतंय असं मी म्हणत नाही, मी घरी येऊन पुन्हा स्नान करतो. गेल्या खेपेला खालच्या आळीतली एक आजी सगळ्यांत आधी उठली आणि पाण्याची बाटलीच टेबलावर ठेवली. अर्धा पाइप बदलून झालाय. उरलेल्यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा सभा आहे.