मन मोकळे झाले. दाद कुठे लागली?

‘आमच्या आजीने दहा-दहा बाळंतपणे काढली, पहाटे चारला उठून दळण-कांडण केले, पण तिला कधी डिप्रेशन आले नाही.’ स्त्रियांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की हे वाक्य येतेच. लग्नाच्या पंगतीत येते, व्याख्यानमालेच्या मांडवात येते, आणि हल्ली एखाद्या सुशिक्षित डॉक्टरच्या भाषणातही हशा मिळवून जाते. त्यापाठोपाठ सल्ला येतो, तो दोन प्रकारचा. जुन्या वळणाचे लोक म्हणतात, सोसायला शिका. नव्या वळणाचे म्हणतात, बोलत्या व्हा, मन मोकळे करा. हे दोन सल्ले एकमेकांच्या विरोधी आहेत असे समजून आपण त्यांच्यावर परिसंवाद भरवतो. माझ्या मते ते एकाच घरातले आहेत. बाईच्या दुःखाला उत्तर देण्याची जबाबदारी बाईखेरीज कोणाचीच नाही, यावर दोघांचे एकमत आहे.

काही मते इथेच बाजूला ठेवतो. सारे काही हार्मोन्सवर ढकलणाऱ्यांना एवढेच विचारावे की हार्मोन्स सासर-माहेर कसे ओळखतात. फ्रॉइडने स्त्रीच्या मनात जी उणीव कल्पिली होती तिचा समाचार मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नायने शंभर वर्षांपूर्वीच घेतला आहे. आणि स्त्रीवाद हे पश्चिमेचे खूळ आहे म्हणणाऱ्यांनी ताराबाई शिंदे यांचे १८८२ सालचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ एकदा उघडून पाहावे. बुलढाण्याच्या त्या बाईला कोणा इंग्रज मडमेने शिकवले नव्हते. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ म्हणणारे आणखी वेगळे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी २८९ मिनिटे बिनपगारी घरकाम नोंदले गेले, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ८८ मिनिटे. वेळ काढायचा तो कोणाच्या वाट्यातून, हे सांगितले असते तर सल्ल्याला काही अर्थ होता.

आजीचे मात्र असे एका ओळीत आटोपता येत नाही. तिचे नाव निघाले की भले भले गप्प होतात. म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे.

आजी समाधानी होती हे आपल्याला सांगते कोण? बहुधा नातू. आजीने स्वतः काय सांगितले त्याची नोंद महाराष्ट्रात आहे, आणि ती थोडीथोडकी नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत देव आहेत, भाऊ आहे, लेकरांचे कौतुक आहे. पण सासुरवासही आहे, सवत आहे, मुलीच्या जातीला जन्माला येण्याचा विषाद आहे, नवऱ्याच्या माराचा उल्लेख आहे, माहेरी कोणी विचारत नाही याची सल आहे. घरातले पुरुष झोपलेले असताना, पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीत हे गायले गेले. नातवाने ते ऐकले नाही, याचा पुरावा म्हणजे त्याचे ते वाक्य. आजीच्या पिढीत डिप्रेशन हा शब्द नव्हता. विहिरी होत्या, आणि आषाढात अंगात येणाऱ्या सुना होत्या. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून लिहिले. जे लपवून लिहावे लागते ते घरातल्यांना नसल्यासारखेच वाटणार.

यावर कोणी म्हणेल, गाण्यातले दुःख हे गाण्यापुरते. विचारले असते तर आजीने ‘बरे चालले आहे’ असेच सांगितले असते. सांगितले असते, यात शंका नाही. अमर्त्य सेन यांनी वारंवार दिलेले एक उदाहरण इथे लागू पडते. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्याची पाहणी झाली. विधुरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी आपली प्रकृती वाईट किंवा बेताची असल्याचे सांगितले. विधवांमध्ये असे सांगणाऱ्या अवघ्या अडीच टक्के निघाल्या. दुष्काळातून बाहेर पडलेली, पांढऱ्या साडीतली, एकवेळ जेवणारी बंगाली विधवा त्या प्रदेशातली सर्वांत निरोगी व्यक्ती होती, असा निष्कर्ष कोणी काढणार असेल तर त्याने खुशाल आजीच्या समाधानाचे गोडवे गावेत. प्रकृतीविषयी कुरकुर करायलाही आपली प्रकृती ही कोणाच्या काळजीची बाब आहे असे आधी वाटावे लागते.

आजीच्या वाक्याची एक विद्यापीठीय आवृत्तीही आहे. बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये दाखवले की १९७० च्या दशकापासून अमेरिकी स्त्रियांचे शिक्षण, मिळकत, हक्क सारे वाढले, पण त्यांनी स्वतः सांगितलेले सुख मात्र घटले. हा निबंध हाती लागल्यापासून स्त्रीवादाच्या विरोधकांना आनंदाची उकळी आवरत नाही: बघा, मुक्त झाल्या आणि दुःखी झाल्या! निबंधाच्या लेखकांनी असे म्हटलेले नाही. संभाव्य कारणांत त्यांनी हेही मांडले आहे की स्त्रिया आता स्वतःची तुलना वेगळ्या लोकांशी करू लागल्या असतील. पाहणीत विचारतात ते एवढेच की तुम्ही खूप सुखी आहात, बऱ्यापैकी सुखी आहात की फारशा सुखी नाही. १९७२ साली शेजारणीकडे पाहून उत्तर देणारी बाई तीस वर्षांनी कचेरीतल्या शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाकडे पाहून उत्तर देत असेल, तर तिचा आकडा खाली येणारच. अपेक्षा वाढल्या म्हणून असमाधान वाढले, हे मला मान्यच आहे. फक्त यात अपेक्षेचा दोष कोणता, ते कळत नाही.

आता आजीच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. तिला जाते होते, आणि जात्याच्या पलीकडे बहुधा दुसरी बाई होती. मंगळागौरीचे जागरण होते, पाणवठा होता, माहेरपण होते. याचे मोल कमी नाही. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ मध्ये नैराश्याची सामाजिक मुळे मांडली. बाईला जिव्हाळ्याने बोलावे असे कोणी नसणे, घराबाहेरचे काम नसणे, घरात तीन किंवा अधिक लहान मुले असणे, अकराव्या वर्षाआधी आई गेलेली असणे, अशा स्थितीत आघात झाला की नैराश्याचा धोका वाढतो. म्हणजे मन मोकळे करायला माणूस असणे हे खरोखरच रक्षण करते. चौकोनी घरात दिवसभर एकटी राहणाऱ्या आजच्या सुनेला ते रक्षण नाही, हे आजीचे भक्त म्हणतात ते चूक नाही.

पण इथेच मला एक भेद करावासा वाटतो, आणि माझे सारे म्हणणे त्यावरच उभे आहे. मन मोकळे होणे वेगळे आणि दाद लागणे वेगळे. मोकळे व्हायला ऐकणारा पुरतो. दाद लागायला असा कोणी लागतो ज्याच्या हातात काही बदलणे आहे आणि ज्याच्यावर उत्तर देण्याचे बंधन आहे. जात्याने शतकानुशतके ऐकले. सासुरवासाचे एक कलमही त्यामुळे बदलले नाही. उलट पहाटे गाऊन मन हलके झाल्यामुळे दुसऱ्या दिवशीचे दळण वेळेवर झाले. हे ऐकायला क्रूर वाटेल, पण मोकळे होण्याचा एक उपयोग असाही आहे की ज्या व्यवस्थेने मन भरून आणले ती त्यामुळे बिनबोभाट चालू राहते.

विसाव्या शतकातल्या मानसशास्त्राने बाईला जात्याहून बरा श्रोता दिला, पण हा श्रोता निःपक्ष नव्हता. मानसशास्त्रज्ञ नेओमी वाईस्टीन यांनी १९६८ मध्येच म्हटले होते की मानसशास्त्राला खऱ्या बायकांविषयी काही ठाऊक नाही, कारण त्या कोणत्या परिस्थितीत जगतात हे ते पाहतच नाही. १९७० मध्ये इंगे ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी ७९ मानसोपचारतज्ज्ञांना निरोगी पुरुष, निरोगी स्त्री आणि निरोगी प्रौढ व्यक्ती यांची लक्षणे विचारली. निरोगी प्रौढ आणि निरोगी पुरुष जवळपास सारखे निघाले. निरोगी स्त्री वेगळी निघाली, अधिक परावलंबी, सहज दुखावली जाणारी. तेव्हा बाईने बाईसारखे वागावे तर ती पुरती प्रौढ नव्हे, आणि प्रौढासारखे वागावे तर ती बाई म्हणून बिघडलेली. अशा श्रोत्यापुढे मोकळे झालेले मन घरी परतताना काय घेऊन जात असेल? बहुधा स्वतःविषयीचा एक नवा संशय.

तो श्रोता आता सुधारला आहे, हे मानू. तरी प्रश्न उरतो. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये गोव्यातल्या बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी आणि नवऱ्याची मारहाण यांच्याशी ते जोडलेले होते, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली की धोका वाढत होता. या बाईला ‘बोलत्या व्हा’ सांगायचे म्हणजे नेमके काय सांगायचे? तिच्या नैराश्याला कारण आहे आणि ते कारण त्याच घरात, शेजारच्या खोलीत बसलेले आहे. तिला औषध लागेल तर जरूर द्यावे. औषधाला नाके मुरडणारा मी नव्हे. पण औषध तिने घ्यायचे, समुपदेशनाला तिने जायचे, विचार करण्याची पद्धत तिने बदलायची, आणि मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणाऱ्याला कोणी काही विचारायचे नाही, या वाटणीला उपचार म्हणणे मला जड जाते.

आत्महत्यांच्या सरकारी आकड्यांतही हीच युक्ती दिसते. २०२१ मध्ये देशात ४५ हजारांहून अधिक स्त्रियांनी आत्महत्या केली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त गृहिणी होत्या. याच सरकारी आकडेवारीत सर्व आत्महत्यांच्या कारणांत सर्वांत मोठा रकाना आहे ‘कौटुंबिक समस्या’. किती सोयीचा शब्दप्रयोग! समस्या कुटुंबाची, कर्ता कोणीच नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येत आपण सावकार विचारतो, बाजारभाव विचारतो, सरकार विचारतो. त्या प्रश्नांना उत्तरे मिळत नसली तरी ते कोणाला विचारायचे हे ठाऊक असते. गृहिणीच्या आत्महत्येनंतर आपण मानसिक आरोग्याचे शिबिर घेतो.

वेगळे काही करता येत नाही असे नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्तीला तिने पोलिसांच्या आवारात बसवले. या शतकाच्या सुरुवातीला वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत संस्थेने ‘दिलासा’ केंद्र काढले. जखमा घेऊन किंवा विष घेऊन येणाऱ्या बाईमागचे घर ओळखायला परिचारिका आणि डॉक्टर शिकले. दोन्हीकडे बाईचे ऐकून घेतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. समोरच्या पक्षाला बोलावता येते, त्याला उत्तर द्यावे लागते, नाहीच दिले तर पुढे कायदा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने त्या उत्तराला न्यायदंडाधिकाऱ्याचे बळ दिले. पुण्याच्या भार्गवी दावर यांनी मानसिक आजाराच्या प्रश्नाला स्त्रीवादी कार्यक्रमाचा भाग मानून १९९९ मध्ये पुस्तक लिहिले ते याच खटपटीचे दुसरे टोक. अशा कक्षांत आणि केंद्रांत सर्वांनाच दाद मिळते असे कोणी म्हणणार नाही. तडजोडीचा आग्रह, तारखा, मागे घेतलेल्या तक्रारी हे सारे आहेच. पण दाद न मिळणे आणि दाद मागण्याची जागाच नसणे यांत फरक आहे, आणि तो माणसाच्या मनाला नेमका कळतो.

आक्षेप दिसतो आहे. प्रत्येक दुःखाची फिर्याद कशी होईल? मूल गेल्याचे दुःख, उतारवयातले एकाकीपण, आयुष्य भलत्याच वाटेने गेले ही हुरहुर, यांची दाद कोणाकडे मागायची? बरोबर आहे. मृत्यूकडे दाद मागता येत नाही. तिथे शेजारी बसणारा माणूसच लागतो, आणि चांगला समुपदेशक तसा माणूस असतो. दुःख कोणत्या जातीचे आहे हे ओळखणे हेच त्याचे पहिले कौशल्य असायला हवे. मात्र एवढी सवलत देऊनही माझा संशय जात नाही. म्हातारीचे एकाकीपण म्हणतात ते उकलून पाहिले तर त्यात पुष्कळदा घर कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न निघतो. बाई जितकी गरीब तितके तिचे दुःख अस्तित्वाचे कमी आणि कोणीतरी केलेले जास्त, असे मला वाटते. आणि तिच्याच वाट्याला नेमके ‘सकारात्मक विचारांचे’ शिबिर येते.

म्हणून स्त्रियांच्या मानसिक स्वास्थ्याच्या कोणत्याही उपक्रमाला मी एकच कसोटी लावीन. सत्राच्या शेवटी समुपदेशक विचारतो, ‘आता कसे वाटते?’ त्याने आणखी एक विचारावे: ‘हे कोणी ऐकायला हवे होते?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर ती बाई स्वतःच देऊन घरी जाऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर द्यायला दुसऱ्या कोणाला तरी यावे लागते, त्यासाठी कोणाला तरी बोलावणे पाठवावे लागते, वेळ पडली तर वैर घ्यावे लागते. आपली चर्चा बहुधा पहिल्या प्रश्नावरच थांबते, ती याच कारणाने.