शंकासमाधान : खांदा द्यायला जाऊ की नको?

शंका : हमरापूरहून आणलेला गणपती टेम्पोतून उतरवताना हाताचं एक बोट तुटलं. मूर्ती माझ्या हातात होती. सासूबाई म्हणतात, अपशकुन झाला. त्यात मला पाचवा महिना. मूर्ती बदलायची का? आणि घरात गरोदर बाई असल्यामुळे यंदा विसर्जन करायचं नाही, असंही चाललंय. ते खरं का?
– एक सूनबाई, पेण

समाधान : सूनबाई, पाचव्या महिन्यात टेम्पोतून मूर्ती उतरवायला तुम्हाला कोणी सांगितलं? शाडूची मूर्ती दिसते त्यापेक्षा कितीतरी जड असते. घरात पुरुषमाणसं होती ना?

आता शंकेकडे येते. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत मूर्ती ही माती असते. तिला दोष लागत नाही आणि ती धरणाऱ्या हातालाही लागत नाही. मूर्ती घेतली त्या कारखान्यात परत घेऊन जा. शाडूचा लगदा लावून बोट पुन्हा घडवतात, सुकलं की रंगाचा हात फिरवतात. पेणच्या कारागिरांना ही डागडुजी रोजची आहे. २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांच्या कसबाला. मूर्ती फारच भंगली असेल तर ती पाण्यात सोडून दुसरी आणा. पूजा झाल्यानंतर मोडतोड झाली, तर उत्तरपूजेच्या अक्षता वाहून विसर्जन करा. याहून अधिक काही करायचं नसतं.

घरात गरोदर बाई असेल तर विसर्जन करू नये, या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. पंचांगकर्ते हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. पार्थिव मूर्ती विसर्जनासाठीच असते. खाली वाकायचं नसेल, गर्दीत जायचं नसेल, तर घरीच मोठ्या घमेल्यात विसर्जन करा. शाडू पाण्यात विरघळतो, ते पाणी परसातल्या झाडांना घाला.

सासूबाई, पुढचं तुमच्यासाठी. गणपतीच्या दिवसांत पोटुशी पोर अपशकुनी ठरवून रडवली, तर त्या घरात एकवीस मोदकांचा नैवेद्य कशासाठी करायचा? तिला जवळ बसवा आणि मोदकाची पहिली पारी तिच्याकडून वळून घ्या.

शंका : आमचा पाच दिवसांचा गणपती. चतुर्थीला पहाटेच भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांचे वडील गेले. आम्हाला सुतक लागतं का? आरती करायची का? त्यांनी आदल्या दिवशीच मूर्ती घरी आणली होती, तिचं काय?
– पेण

समाधान : सुतक भाऊबंदांना असतं, शेजाऱ्यांना नसतं. तरी आपल्याकडे वाडीत मयत असलं की माणूस घरातून निघेपर्यंत कोणी चूल पेटवत नाही, देव पूजत नाही. तो शिरस्ता पाळावा. अंत्ययात्रेहून येऊन आंघोळ करा आणि मग गणपती बसवा. आरती म्हणा, पण झांजा जपून वाजवा आणि शेवटच्या दिवशी बँजो सांगितला असेल तर नको म्हणून कळवा. इसारा बुडाला तरी चालेल.

त्यांच्या घरी आलेल्या मूर्तीची पूजा भाऊबंदकीबाहेरच्या कोणीही करावी आणि विसर्जन करावं. ते तुम्ही केलंत तर उत्तम. नाही जमलं तर वर्ष चुकलं म्हणून देव रागावत नाही. चुकलेल्या वर्षाची भरपाई करायची नसते.

जेवणाचं मात्र नीट बघा. मयताच्या घरी पिठलं-भात नेऊन देण्याची रीत आहे, पण पुष्कळदा भांडं दाराशी ठेवून लोक वळतात. विनोबांनी आपल्या आईची एक आठवण सांगितली आहे. विनोबा आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. शेजारीण गावाला गेली की त्यांची आई रुक्मिणीबाई तिच्या घरी जाऊन स्वयंपाक करून द्यायच्या. आधी आपल्या घरचा आटपायच्या, मग त्यांचा. लहानग्या विन्याने विचारलं, की आधी आपलं करतेस, हा स्वार्थच नाही का? त्या म्हणाल्या, त्यांचं आधी केलं तर जेवायच्या वेळेपर्यंत गार होऊन जाईल. तुमच्या शेजाऱ्यांना पाचही दिवस गरम जेवण मिळेल असं बघा. चतुर्थीच्या दिवशी मोदक नेऊ नका, वरण-भात न्या.

शंका : आमचं गाव रोहा तालुक्यात. शेजारच्या घराला गावकीने दोन वर्षांपासून वाळीत टाकलंय. मंदिराच्या वर्गणीच्या हिशेबावरून त्यांनी प्रश्न विचारला, एवढंच निमित्त. त्यांच्याशी बोललं तर दंड. गिरणीवर त्यांचं दळण घेत नाहीत, लग्नाचं आवतण देत नाहीत, पालखी त्यांच्या दारावरून पुढे जाते. परवा त्यांची म्हातारी गेली. खांद्याला चार माणसं मिळेनात, पाहुणे बाहेरगावाहून येईपर्यंत दुपार झाली. माझे यजमान दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आता दहावा आहे. जाऊ की नको? देवाचा निर्णय मोडल्याचं पाप लागेल का?
– एक वाचक भगिनी

समाधान : ताई, जा. दहाव्याला जा, यजमानांना बरोबर न्या, आणि दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल असं जा.

आधी पापाचं बघू. हा देवाचा निर्णय नव्हे. देवळाच्या ओट्यावर बसून पाच-दहा माणसांनी घेतलेला तो निर्णय आहे. ओटा देवळाचा असला म्हणून तिथे बसून बोललेलं देवाचं होत नाही. आणि ज्याने वर्गणीचा हिशेब मागितला, त्याने देवाचाच पैसा राखायला मागितला ना? त्यात त्याचा कोणता अधर्म झाला?

वाळीत टाकण्याला धर्म मानायचा, तर आपली संतपरंपरा कुठे ठेवायची? ज्ञानेश्वरांचं कुटुंब आळंदीने बाहेर टाकलं होतं. श्राद्धाच्या दिवशी दारात आलेल्या भुकेल्या अंत्यजांना एकनाथांनी आधी जेवू घातलं, म्हणून पैठणच्या ब्राह्मणांनी त्यांच्याकडे जेवायचं नाकारलं, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकलीच असेल. आज वारीला जाताना आपण कोणाचं नाव घेतो? तुमच्या गावात सप्ताह बसत असेल. वीणा घेऊन रात्रभर उभे राहणारे तेच लोक सकाळी शेजाऱ्याचं दळण परत पाठवतात, याचं मला फार दुःख होतं.

आता कायद्याचं. रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकण्याच्या इतक्या तक्रारी पुढे आल्या, की सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याची चर्चा आपल्या जिल्ह्याचं नाव घेतल्याशिवाय होत नव्हती. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा. राष्ट्रपतींची संमती मिळून तो जुलै २०१७ पासून लागू झाला. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. मंदिरात किंवा स्मशानात येऊ न देणं, लग्न-मयताला अडवणं, बोलणं-चालणं आणि देवाणघेवाण बंद पाडणं, हे सगळं त्यात येतं. बहिष्काराच्या बाजूने बैठकीत मत देणारा आणि त्याला मदत करणाराही दोषी धरला जातो. वसूल झालेला दंड पीडितालाच भरपाई म्हणून द्यायची सोय आहे.

हे तुमच्या यजमानांना वाचून दाखवा. त्यांच्याकडे दंड मागणारा स्वतःच गुन्हा करतोय. मागितलाच तर देऊ नका आणि कोणी, कधी, कोणासमोर मागितला ते वहीत तारखेसह लिहून ठेवा.

तुम्हाला भीती वाटते, ती मी समजू शकते. उद्या तुमचंही दळण परत येईल, मुलीच्या लग्नात गावचा मांडव उभा राहणार नाही, लावणीला माणसं मिळणार नाहीत. गावात राहायचं तर ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्या जाऊ नका. मनातून हे न पटणारी आणखी दोन-तीन घरं तुमच्या आळीत नक्की असतील. बायका पाणवठ्यावर आणि शेतावर खालच्या आवाजात बोलतात, त्यातून ती घरं तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांच्याशी आज संध्याकाळीच बोला. चार बायका मिळून गेल्या, तर कोणाकोणाला वाळीत टाकतील?

तिथे गेल्यावर खुलासे देत बसू नका. म्हातारीच्या लेकीजवळ बसा आणि तिच्या घरचा चहा प्या. वाळीत टाकलेल्या घरात बाहेरच्या माणसाने चहा पिणं म्हणजे काय, ते त्या घरालाच कळेल. यजमान त्या दिवशी दारातून परतले, तर आता त्यांनी माफी मागावी. मयताला न गेल्याची भरपाई होत नाही, तरी माफी मागितलेली बरी.

शंका : बाबा गेल्यापासून आई दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी दारी येते तेव्हा आत उभी राहते. आरतीचं ताट मावशी धरते. घर आईचं, पालखीचा मान आईच्या सासऱ्यांपासूनचा. आईने पुढे आलं तर चालेल का?
– रोहे

समाधान : चालेल, आणि यंदाच्या वर्षापासून यायलाच हवं. धावीर महाराज रोह्याचं ग्रामदैवत. पोलिसांची मानवंदना घेऊन पालखी निघते आणि दारोदार जाते, ती गावातल्या सगळ्या माणसांना भेटायला. ज्या बाईने आयुष्यभर हे दार सांभाळलं, तिलाच आत उभं करून कोणाला दर्शन द्यायचं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. पण तुमच्या उंबऱ्याच्या आत ठराव कोण करणार? तो तुम्हीच करा. आई स्वतः नको म्हणेल, कारण इतकी वर्षं तिने तसंच ऐकलंय. तेव्हा नुसती परवानगी देऊन थांबू नका. मावशीला आधीच सांगून ठेवा, तिनेच ताट आईच्या हातात द्यावं.

वाचकांना एक विनंती. शंका खुशाल पाठवा, नाव छापलं जाणार नाही. पण तुमच्या घराला किंवा शेजाऱ्याला वाळीत टाकलं असेल, तर इथल्या उत्तराची वाट बघू नका. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.