नाळेवरची कडी

होडीच्या पुढच्या निमुळत्या टोकाला, म्हणजे नाळेला, एक कडी असते. होडी माडाला बांधायची असो, वाळूवर ओढायची असो की अडचणीत दुसऱ्या होडीच्या मागे जोडायची असो, दोर बांधायचा तो या कडीलाच. बाहेरून दिसतो तो फक्त बोटभर जाडीचा, वाकवलेला गज. पण कडीचे बळ त्या गजात नसते. गजाची दोन्ही टोके नाळेच्या भिंतीतून आरपार आत जातात. आत लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर पट्टी, पट्टीवर वॉशर आणि नट. कडीला बसणारी ओढ हा ठोकळा भिंतीच्या मोठ्या भागावर वाटून देतो. तो नसेल तर ती सगळी ओढ दोन भोकांच्या कडांवर येते, आणि फायबरची भिंत अशा ठिकाणी फाटते.

आमची फायबरची होडी घरची, वडिलांच्या वेळची. तेरेखोलच्या खाडीत ती मासे धरायला आणि अधूनमधून पलीकडच्या तीरावर, म्हणजे महाराष्ट्रात, नातेवाइकांकडे जायला वापरात असते. वापरतो तो माझा पुतण्या. नावावर मात्र माझ्या आहे. तिच्या नाळेतला खण हवा कोंडून बंद केलेला आहे, होडीत पाणी भरले तरी ती तरंगत राहावी म्हणून. तो उघडून पाहण्याची सोय करणाऱ्याने ठेवलेली नव्हती. कडी बाहेर, आणि तिला धरून ठेवणारे सारे त्या अंधारात.

तीन वर्षांपूर्वी मेअखेरीस होडी वर ओढताना ती कडी माझ्या हातात डुगडुगली. फार नाही, पैशाच्या जाडीइतकी. तिच्याखाली गंजाचा एक तपकिरी ओघळही आला होता. शाळा उघडायला आठवडा उरला होता, प्रवेशाची गर्दी होती, फायबरचे काम करणारा मेस्त पावसानंतरच येणार होता. मी बाजारातून मळून लावायची पुटी आणली, कडीच्या मुळाशी दाबून भरली, कानशीने घासली आणि वर निळा रंग दिला. कडी हलेनाशी झाली. ओघळही दिसेनासा झाला. भाऊ म्हणाला, "नवी दिसते." मी काही बोललो नाही. पुतण्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. त्यामुळे मी खोटे बोललो असे कोणालाही म्हणता येणार नाही, आणि त्या वेळी मला तेवढे पुरले.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी एका सकाळी पुतण्या आणि त्याचा मित्र केरीच्या बाजूला खाडीच्या मुखाशी होते. मशीन बंद पडले. ओहोटी लागलेली, वारा उलटा, आणि होडी वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटांकडे वाहू लागली. दुसऱ्या एका होडीने यांना दोर टाकला आणि ओढून आत आणले. दोर अर्थातच त्या कडीला बांधला होता. लाटांत ओढल्या जाणाऱ्या होडीचा दोर एकसारखा ताणलेला राहत नाही. तो सैल पडतो आणि हिसका बसतो, पुन्हा सैल, पुन्हा हिसका. रात्री पडवीत ही हकीकत रंगवून सांगितली गेली. सर्वांनी होडीचे कौतुक केले, वडिलांची आठवण काढली. माझ्या घशाखाली घास उतरेना.

दुसऱ्या दिवशी शाळेत एका सहकाऱ्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, "सर, काही झाले का? नाही ना? मग विषय संपला." व्यवहारात आपण सर्वजण असाच हिशेब करतो. परिणाम चांगला, तर कृती चांगली, निदान माफ.

एम.ए.ला असताना वाचलेला विल्यम क्लिफर्ड तेव्हा आठवला. हा इंग्रज गणिती १८४५ साली जन्मला आणि १८७९ साली, उणापुरा ३४ वर्षांचा असताना वारला. १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका निबंधाची सुरुवात एका जहाजमालकापासून होते. जहाज जुने आहे, दुरुस्ती हवी आहे, हे त्याला कळते. पण खर्च नको म्हणून तो मनाची समजूत घालतो की इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल, देव पाठीशी आहे. जहाज प्रवाशांसह बुडते. मालक दोषी, यात वाद नाही. पण क्लिफर्ड पुढे विचारतो, समजा जहाज सुखरूप पोचले असते तर? त्याचे उत्तर असे की दोष तसूभरही कमी होत नाही. एवढेच की तो उघडकीला येत नाही. हे लिहिणारा माणूस १८७० साली सूर्यग्रहण पाहायला निघालेल्या मोहिमेत सिसिलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटूनही वाचला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ते उदाहरण नुसते पुस्तकी वाटत नाही.

आपल्याकडे गीतेचा आधार घेऊन, फळ आपल्या हाती नाही, असे म्हणण्याची सवय आहे. बहुतेक वेळा आपण ते काही बिघडले म्हणजेच म्हणतो. पण फळ हाती नसेल तर चांगल्या फळाचे श्रेयही हाती नाही. होडी किनाऱ्याला लागली, ती त्या दिवशीच्या लाटांच्या मर्जीने. माझी पुटी जशी होती तशीच होती.

क्लिफर्डच्या मालकात आणि माझ्यात एक फरक मात्र होता, आणि तो माझ्या बाजूचा नाही. त्या मालकाला निदान स्वतःची समजूत घालावी लागली. मला तेवढेही करावे लागले नाही. रंग सुकला आणि मी विसरलो. रंगाने पहिला फसतो तो रंगवणाराच. (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असे मी गेली कित्येक वर्षे सही करून देत आलो आहे. त्यांतल्या किती मुलांविषयी मला खरोखर काही माहीत होते, हा प्रश्न त्या आठवड्यात प्रथमच पडला. पण तो वेगळा विषय आहे.)

दिवाळीनंतर मेस्त आला. नाळेतल्या खणाच्या भिंतीला त्याने हात जाईल एवढे गोल भोक पाडले. नट फिरेना, करवतीने कापावा लागला. ठोकळा बाहेर काढायचा प्रश्नच आला नाही. तो भिजलेल्या पोह्यांसारखा हातात आला. खाऱ्या पाण्यात लाकूड एक वेळ टिकते, त्याला कुजवते ते पावसाचे गोडे पाणी; आणि आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडण्याची जी एक फट होती ती मी बुजवली होती. गजाचेही तेच झाले होते. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या पातळ पापुद्र्यामुळे, आणि तो पापुद्रा टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. ओल्या, कोंडलेल्या फटीत तो मिळत नाही. भिंतीत दडलेल्या भागात गज कुरतडल्यासारखा बारीक झाला होता. म्हणजे माझी दुरुस्ती निरुपयोगी होती एवढेच नव्हे, तिने बिघाड वाढवला. आणि डुगडुगण्याने ती कडी जे सांगत होती, तेही बंद केले.

पुटीचा तुकडा बोटांत धरून मेस्त म्हणाला, "हे कोणी केले?" पुतण्या शेजारी उभा होता. आपणहून सांगण्यासाठी माझ्यापाशी महिनाभर होता. सांगितले ते विचारल्यावर.

पुतण्या चिडला नाही. थोडा वेळ त्या ठोकळ्याच्या लगद्याकडे पाहत राहिला आणि आपल्या कोकणीत जे बोलला ते मराठीत असे: "काका, सांगितले असते तर त्या दिवशी दोर कडीला बांधलाच नसता. मधल्या फळीला दोन्ही बाजूंनी वेढा देऊन बांधला असता. दोन मिनिटांचे काम."

हे माझ्या मनातही आले नव्हते. मी, माझा सहकारी आणि क्लिफर्डसुद्धा, आम्ही तिघे दोषी कोण आणि किती एवढेच मोजत होतो. पुतण्या दोर कुठे बांधायचा ते पाहत होता. सैल कडी ही काही मोठी आपत्ती नव्हे. ती सैल आहे हे माहीत असलेला माणूस तिच्यासह खाडी ओलांडू शकतो. मी त्याच्यापासून बिघाड लपवला असे मला वाटत होते. खरे तर मी त्याची ती दोन मिनिटे काढून घेतली होती, ज्यांत त्याने स्वतःच्या अकलेने स्वतःचा जीव सांभाळला असता.

काम आठ-दहा दिवस चालले. आतली भिंत उन्हात वाळू दिली. मेस्ताने नाण्याने ठोकून बद्द आवाज येतो तेवढा भाग तासून काढला आणि काचतंतूंचे नवे थर दिले. भोके मुद्दाम मोठी पाडून एपॉक्सीने भरली आणि त्या भरणीतून पुन्हा हव्या त्या मापाची पाडली, म्हणजे पुढे पाणी झिरपले तरी लाकडापर्यंत पोचू नये. ठोकळा आधीच्या दुपटीचा, गज ३१६ जातीच्या स्टीलचा, नट नायलॉनच्या कड्याचे. आतल्या भोकाला पाणी न शिरणारे फिरकीचे झाकण बसवले. ते माझ्या सांगण्यावरून. मेस्ताच्या मते ते भोक कायमचे बुजवले असते तर जास्त देखणे झाले असते.

यंदा होडी पाण्यात ढकलायच्या आधी मी स्वतः आत हात घालून नट तपासला आणि पुतण्याला म्हटले, "घट्ट आहे." त्याने मान डोलावली, झाकण फिरवून काढले, आत हात घातला आणि पुन्हा तपासला. मला राग आला नाही असे लिहिले तर ते खरे होणार नाही. थोडा आला. मग मी दोर सोडला.