निकाल बदलला नाही, म्हणून?

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. मतदारांची संख्या १७ कोटींहून अधिक होती आणि त्यातील बहुसंख्य निरक्षर होते. याद्या तयार करताना मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. उत्तर भारतातील लक्षावधी स्त्रियांनी नोंदणी करणाऱ्या कारकुनाला स्वतःचे नावच सांगितले नाही. परक्या पुरुषापुढे नाव घ्यायचे नाही, ही रीत. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच त्यांची ओळख नोंदली गेली. सेन यांनी आग्रह धरला की मतदार म्हणजे नाव असलेली एक स्वतंत्र व्यक्ती. ‘अमक्याची आई’ ही नोंद चालणार नाही. परिणामी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली.

यात कोणाचे कारस्थान नव्हते. सेन यांचा हेतू शुद्ध होता आणि तत्त्वही योग्य होते. तरीही २८ लाख स्त्रियांना त्या निवडणुकीत मत देता आले नाही. एखादा म्हणेल, त्यांनी मत दिले असते तरी दिल्लीत सरकार काँग्रेसचेच आले असते, मग नुकसान कोणाचे झाले? हा प्रश्न वरवर व्यवहारी वाटतो. पण निवडणुकीतील गैरप्रकारांविषयी आपण जे काही बोलतो, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. मत हिरावले जाते तेव्हा लुबाडला कोण जातो? हरलेला उमेदवार, की ज्याचे मत गेले तो माणूस?

बहुतेकांचे उत्तर न बोलता ठरलेले असते. गैरप्रकाराची बातमी आली की पहिला सवाल येतो, ‘निकालात फरक पडला का?’ पडला असेल तर गुन्हा, नसेल तर किरकोळ बाब. या हिशेबात मत म्हणजे तराजूत टाकलेले वजन. पारडे आधीच झुकले असेल तर आणखी एक छटाक काढून घेतली काय नि ठेवली काय.

हा हिशेब मला मान्य नाही. मत हे वजन आहे त्याआधी ती साक्ष आहे. आपल्या उपखंडातील काही उलेमांनीही मताला ‘शहादत’ म्हटले आहे. हा उमेदवार माझ्या मते या कामाला लायक आहे, अशी ती गवाही. आता एखाद्या खटल्याची कल्पना करा. दहा साक्षीदार आहेत. नऊ जणांची साक्ष झाल्यावर न्यायाधीशाचे मत बनते. दहावा दारात उभा आहे आणि शिपाई त्याला हाकलून देतो. वर सांगतो, ‘तुझ्या बोलण्याने निकाल बदलणार नव्हता.’ निकाल कदाचित बरोबरही असेल. पण त्या दहाव्या माणसाला सांगितले गेले आहे की तू असलास काय, नसलास काय, सारखेच. हा अपमान निकालाने भरून निघत नाही.

आपल्या कायद्यालाही ही अडचण जाणवलेली दिसते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात निवडणूक रद्द करण्याची दोन मापे आहेत. मतमोजणीत चूक झाली, नियम पाळला गेला नाही, अशा बाबतींत त्यामुळे निकालावर खरोखर परिणाम झाला हे दाखवावे लागते. पण विजयी उमेदवाराने स्वतः भ्रष्ट मार्ग वापरला असेल तर आकड्यांचा हिशेब विचारला जात नाही. १९७१ मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधी १,११,८१० मतांनी निवडून आल्या. प्रचारसभांचे व्यासपीठ सरकारी अधिकाऱ्यांनी उभारले, सरकारी सेवेतील माणसाची मदत घेतली, असे आरोप राज नारायण यांनी केले. व्यासपीठे साधी असती तर त्या हरल्या असत्या, असे कोणी म्हटले नसते. तरीही १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ती निवडणूक रद्द ठरवली. पुढे आणीबाणी आली, कायदा मागील तारखेपासून बदलला गेला आणि त्या बदललेल्या कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात निवड कायम राहिली. मात्र पंतप्रधानांची निवड न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी घटनादुरुस्तीची तरतूद त्याच न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी फेटाळली. सिन्हा यांच्या निकालातील नैतिक गाभा असा, की जिंकणारा होतास म्हणून तुला चोरीची मुभा नाही.

निकाल बदलला नाही, या समाधानाची किंमत किती मोठी असू शकते हे पाहायचे तर काश्मीरकडे पाहावे. २३ मार्च १९८७ च्या विधानसभा निवडणुकीत नॅशनल कॉन्फरन्स आणि काँग्रेस यांची युती होती. समोर मुस्लिम युनायटेड फ्रंट. फ्रंटला चार जागा मिळाल्या. या निवडणुकीत मोठे गैरप्रकार झाले, हे आज जवळजवळ सर्वमान्य आहे. आणि अनेक अभ्यासकांचे मत असे, की मतमोजणी प्रामाणिक झाली असती तरी सरकार युतीचेच आले असते; फ्रंटच्या काही जागा वाढल्या असत्या, इतकेच. म्हणजे काही जागांसाठी हे केले गेले. श्रीनगरच्या अमिराकदल मतदारसंघात पराभूत घोषित झालेले उमेदवार मोहम्मद यूसुफ शाह पुढे सय्यद सलाहुद्दीन या नावाने हिज्बुल मुजाहिदीनचे प्रमुख झाले. मतपेटीतील अन्यायामुळे बंदूक क्षम्य ठरत नाही. त्या बंदुकीने काश्मिरी मुसलमानांचे आणि पंडितांचे जे केले त्याला कोणतेही समर्थन नाही. पण विधानसभेत विरोधी बाकावर बसून भांडू शकली असती अशी तरुण माणसे त्या दिवशी मतपेटीवरचा विश्वास गमावून घरी गेली, हेही तितकेच खरे.

चोरीच्या पद्धती काळाप्रमाणे बदलत गेल्या. बिहारमधील बेगूसराय जिल्ह्यातल्या रचियाही गावात १९५७ साली मतदान केंद्र बळकावले गेले. देशातील तो पहिला प्रकार म्हणून सांगितला जातो. पुढे तो धंदाच झाला आणि १९८९ मध्ये कायद्यात त्यासाठी वेगळी शिक्षा घालावी लागली. लाठीची जागा मग लेखणीने घेतली. ३० जानेवारी २०२४ रोजी चंदीगडच्या महापौरपदाची निवडणूक झाली. मतदार नगरसेवक आणि खासदार मिळून अवघे ३६. आठ मते बाद ठरवून १६ विरुद्ध १२ असा निकाल देण्यात आला. ती आठही मते हरलेल्या उमेदवाराची होती आणि त्यांवर निवडणूक अधिकारीच खुणा करत असल्याचे कॅमेऱ्यात दिसले. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ती मते वैध धरून निकाल फिरवला. तिथे कॅमेरा होता आणि मतदार मोठी माणसे होती. आपल्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या मावशीचे नाव यादीतून गेले तर तिच्यासाठी कॅमेरा कुठला?

म्हणून आज खरा प्रश्न यादीचा आहे. २०२५ मध्ये बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली. आधीच्या यादीत ७ कोटी ८९ लाख नावे होती. १ ऑगस्टच्या मसुद्यात सुमारे ६५ लाख कमी झाली. आयोगाच्या म्हणण्यानुसार त्यांत सुमारे २२ लाख मृत, ३६ लाख स्थलांतरित किंवा न सापडलेले आणि ७ लाख दुबार नोंदलेले होते. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात यादीने मृत ठरवलेली दोन माणसे जिवंत हजर करण्यात आली. १४ ऑगस्टला न्यायालयाने वगळलेली नावे कारणासह जाहीर करण्याचा आदेश दिला. ३० सप्टेंबरची अंतिम यादी ७ कोटी ४२ लाखांची झाली.

आयोगाची बाजू ऐकलीच पाहिजे. मेलेल्यांची नावे यादीत राहणे हा काही सद्गुण नाही. बोगस मत पडते तेव्हा कोणा जिवंत माणसाचे खरे मत त्याने कापले जाते. तेव्हा यादी स्वच्छ हवी, यात वाद नसावा. वाद आहे तो पुराव्याचे ओझे कोणी वाहायचे, हा. यादीत दोन प्रकारच्या चुका होतात. नको ते नाव राहणे ही एक, हवे ते नाव जाणे ही दुसरी. दोन्ही चुकाच, पण त्या सारख्या नाहीत. जादा राहिलेले नाव ही चोरीची फक्त शक्यता असते. चोरी घडायला कोणीतरी ओळखपत्राचा बनाव करून केंद्रावर यावे लागते, प्रतिनिधींच्या नजरेतून सुटावे लागते, बोटावरची शाई चुकवावी लागते. कापलेल्या नावाला असे काही लागत नाही. नाव गेले, त्या क्षणी हानी पूर्ण झाली. जिथे एक चूक पुढच्या दारावर पकडता येते आणि दुसरी येत नाही, तिथे संशयाचा फायदा मतदाराला मिळायला हवा.

आणि नाव गेले तर ते कोणाचे जाते? पोटासाठी गाव सोडलेल्या मजुराचे. लग्न होऊन घर आणि आडनाव बदललेल्या मुलीचे. आपल्या घरांत तर एकेका नावाचे तीन अवतार असतात. रेशनकार्डावर रझिया, शाळेच्या दाखल्यावर रजिया बी, आधारवर रजिया बेगम. अब्दुर्रहमानचा अब्दुल रहेमान होतो, शेखचा शेक. उर्दूतले नाव मराठी कारकुनाच्या कानातून इंग्रजी संगणकात जाताना जे होते त्यात कोणाचा दुष्टावा असतोच असे नाही. पण त्याची शिक्षा त्या नावाच्या मालकिणीला भोगावी लागते. १९५१ मध्ये बाई नाव सांगत नव्हती म्हणून वगळली गेली; आज ती नाव सांगते, पण तिची कागदावरची नावे एकमेकांशी जुळत नाहीत.

एवढे सगळे दुसऱ्यांना सुनावल्यावर आपल्या अंगणातही झाडू मारावा लागेल. मत ही साक्ष असेल तर ती विकणे म्हणजे खोटी साक्ष. मतदानाच्या आदल्या रात्री फिरणारी पाकिटे, ‘एवढी मते माझ्या खिशात आहेत’ असे सांगत उमेदवाराच्या गाडीत बसणारे मोहल्ल्याचे पुढारी, ‘आमच्या घरातल्या बायका मी सांगेन तिथेच शिक्का मारतात’ असे अभिमानाने सांगणारे घरमालक, हे सारे मतचोरीचेच घरगुती प्रकार आहेत. ज्या समाजाला ‘गठ्ठा मते’ म्हटलेले लागते, त्याने गठ्ठा बांधणाऱ्याला आपल्या मंचावर हार घालू नयेत. बायकोचे मत नवऱ्याने ठरवले की ती पुन्हा ‘अमक्याची बायको’ होते. सुकुमार सेन यांनी जी नोंद फेटाळली, ती आपण घरात कायम ठेवतो.

गरीब माणूस यावर विचारेल, ‘पाच वर्षांत मला एवढेच मिळते, तेही नको म्हणता?’ हा प्रश्न उपदेशाने झटकता येत नाही. पैसे घेऊनही मनासारखे मत देणारे पुष्कळ आहेत आणि गुप्त मतदान त्यांना सांभाळून घेते. पण कायद्याच्या दृष्टीने लाच घेणाराही दोषीच. शिवाय विकत घेणारा आपला पैसा सोडत नाही. तो गटाराच्या कामातून, शाळेच्या छतातून वसूल होतो. आणि ज्याला दाम मोजले त्याला जाब द्यावा लागत नाही, ही निवडून आलेल्याची ठाम समजूत होते. गरिबाचा दोष यात सर्वांत कमी आहे, पण तोटा सर्वांत जास्त त्याचाच आहे.

राहिला यंत्राचा प्रश्न. १९८२ मध्ये केरळातील परूर येथे यंत्र प्रथम वापरले गेले, २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व जागांवर आले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी पावतीची गरज मान्य केली आणि २६ एप्रिल २०२४ रोजी सर्व पावत्या मोजण्याची मागणी नाकारली. हरलेल्याला यंत्र सदोष वाटते आणि पुढच्या वेळी तोच जिंकला की ते निर्दोष होते. पुराव्यावाचून केलेला असा आरोपही मतदाराचा अपमानच करतो. तुझी साक्ष कोणी ऐकलीच नाही, असे तो त्याला सांगतो. पण तपासता यावे अशी मागणी म्हणजे आरोप नव्हे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी म्हटले, की निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे तांत्रिक ज्ञान नसलेल्या सामान्य नागरिकालाही तपासता आले पाहिजेत. साक्ष देणाऱ्याला आपली साक्ष नीट लिहिली गेली की नाही हे पाहू देणे, एवढेच ते मागणे आहे.

एका मताने निकाल फिरतो हेही अधूनमधून दिसते. राजस्थानच्या नाथद्वारा येथे २००८ मध्ये सी. पी. जोशी ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ असे हरले. २०२४ मध्ये वायव्य मुंबईत लोकसभेचा फैसला ४८ मतांनी झाला. पण मताची किंमत पटवायला मी अशा उदाहरणांचा आधार घेणार नाही. लाखाच्या फरकाने ठरलेल्या निवडणुकीतही त्या एका मताचा हक्क तेवढाच असतो.

त्या २८ लाख स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे १९५७ पर्यंत यादीत आली. कारकून पुन्हा दारात गेले आणि बायकाही आपले नाव सांगायला शिकल्या. दोन्ही बाजू चालत आल्या तेव्हा काम झाले. आपल्यालाही तेच करावे लागेल. यादी जाहीर झाली की आपले नाव पाहावे, मग शेजारच्याचे. नाव नसेल तर नमुना ६ चा, चूक असेल तर ८ चा अर्ज भरून द्यावा. आणि हे करताना एक कसोटी स्वतःला लावावी. ज्या शेजाऱ्याचे मत आपल्या उमेदवाराविरुद्ध पडणार आहे हे आपल्याला पक्के ठाऊक आहे, त्याचे नाव यादीतून गेलेले दिसले, तर आपण त्याचा अर्ज भरायला बसू का? बसलो, तर मताच्या हक्काविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे. नाही बसलो, तर आपली तक्रार चोरीबद्दल नसून चोरी दुसऱ्याने केली याबद्दल आहे.