२/८ पाणी

शाळेत शिकवलं, २/८ म्हणजे १/४. वर-खाली एकाच आकड्यानं भागायचं, भाग जाईनासा झाला की थांबायचं. २४/३६ असेल तर मसावि १२ काढा, एका दमात २/३. किंमत तीच राहते. (सातबाऱ्याला मात्र संक्षेप नाही. ७ नि १२ ला सामाईक भाग जातच नाही. तसा तो अपूर्णांक नव्हेच, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा.)

आमच्या विहिरीत चौघांचे चार-चार आणे. म्हणजे चौथाई. पण पाळी आठ दिवसांत सलग दोन दिवस, की चार दिवसांत एक? कागदाला दोन्ही सारखंच. सहा दिवस कोरडा राहिलेला मेथीचा वाफा एप्रिलात माना टाकतो. उसाचं उलटं, लांब सऱ्या एका दिवसात भिजत नाहीत. मग सारखं वाटलं म्हणजे न्याय झाला का? संक्षेप देताना २ आणि ८ पुसले जातात, नि भांडण नेमकं त्या पुसलेल्यातच असतं.

धाकट्याचा भाजीपाला, माझा ऊस. त्याला पहिला नि पाचवा दिवस दिला, मी दुसरा-तिसरा घेतला. चौथा-आठवा कुणाचा नि सहावा-सातवा कुणाचा, हे चुलत्यांकडं अजून ठरायचंय.