पाण्याचा वाटा

भेंडी तोडायची ती सकाळीच. उन्हं अंगावर यायच्या आत तोडलेली भेंडी दुपारपर्यंत ताठ राहते, उन्हात तोडलेली लगेच मलूल पडते. दुसरा नियम असा की ती एक दिवस आड तोडावीच लागते. लग्नसराईच्या गडबडीत दोन-तीन दिवस परसात फिरकलं नाही, की बोटभर भेंडी वीतभर होते. टोक कट्‌कन मोडत नाही, नुसतं वाकतं, आणि आत धागे झालेले असतात. शिवाय जून शेंग झाडावर राहिली की झाड तिच्यातलं बी पिकवायच्या मागे लागतं आणि नवीन कळ्या धरताना हात आखडतं. म्हणजे जितकं तोडाल तितकं झाड देतं. लहानपणी मला हे झाडाचं औदार्य वाटे. पुढे शाळेत मुलांनाही मी तसंच सांगत आलो. खरं तर झाडाला बी धरायचं असतं, आपण ते धरू देत नाही, आणि ते बिचारं पुन्हा पुन्हा फुलत राहतं. याला औदार्य म्हणावं का, हे आज मला सांगता येणार नाही.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ, किन्हवलीहून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत. पावसाळ्यात इथे शंभरेक इंच पाऊस कोसळतो. पण खाली काळा कातळ, वर उतार. पाणी थांबत नाही, नदीनाल्यांनी वाहून जातं. होळी झाली की विहिरी तळ दाखवायला लागतात. भात कापून झालं, मागच्या ओलीवर वाल निघाला, की शेतं उघडी पडतात. बापय माणसं राब भाजायच्या कामाला लागतात. त्या दिवसांत हिरवं म्हणून डोळ्यांना दिसायचं ते घरामागचं परस.

आमचं परस आईचं. करवंदीच्या काट्यांचं कुंपण, मोरीच्या तोंडाशी दोन केळी, मांडवावर घोसाळी आणि दुधी, कडेला गवारीची ओळ, आणि मधल्या वाफ्यांत भेंडी. संक्रांतीच्या सुमाराला आई बी भिजत घालायची. बी घरचंच, वाळक्या भोपळ्यात राख घालून ठेवलेलं. दीड महिन्यात पहिली तोडणी. पानांवर मावा दिसला की चुलीतली राख उडवायची. खत गोठ्यातलं. सगळं घरचं होतं, पाणी सोडून.

मोरीचं आणि भांड्यांचं पाणी पाटाने केळींना आणि मांडवाला जाई. भेंडीला ते पुरत नसे. तिच्यासाठी पाणी आणावं लागे नदीवरून. नदी म्हणजे तेव्हा नुसते गोटे. पात्रात वाळू उकरून खड्डा केलेला, त्यात झिरपेल तेवढं वाटीवाटीने हंड्यात भरायचं. घरी प्यायच्या पाण्याच्या खेपा वेगळ्या, आणि भेंडीसाठी दिवसाला आणखी दोन. ताई आणि आई आणायच्या, जास्त करून ताई. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सातवी झाली आणि तिची शाळा थांबली. हायस्कूल लांब होतं हे एक कारण. दुसरं कारण आईने एकदाच सांगितलं होतं, "घरात पाण्याला माणूस नको का?"

1975 साली महाराष्ट्रात दहावीची पहिली एसएससी झाली, त्या बॅचचा मी. मार्चात परीक्षा संपली आणि परसातली भेंडी जोरात आली. मी पहाटे उठून तोडायचो, पाटी भरायचो, आणि डोक्यावर घेऊन बाजाराच्या रस्त्याला लागायचो. बाजारात गोणपाट अंथरून वाटे लावायचे. तेव्हा सुटी भाजी काट्यावर कमी आणि वाट्यावर जास्त विकली जाई. चार भेंड्या इकडच्या तिकडे करून गिऱ्हाइकाला वाटा भरल्यासारखा दिसला पाहिजे, ही कला मला लवकर जमली. मेअखेर गाठीला पैसे जमले. त्यातून कल्याणच्या कॉलेजातला प्रवेश, वह्या आणि दोन सदरे झाले. पुढे पदवी, मग बी.एड., मग मास्तरकी. पुढच्याच वर्षी ताईचं लग्न होऊन ती डोळखांबकडे गेली.

ही भेंडीची गोष्ट मी आयुष्यभर सांगितली. वर्गात, पालकसभेत, लग्नाच्या बैठकीत. 2017 च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो, त्या दिवशीच्या सत्कारातही सांगितली. "मी कुणाच्या उपकारावर शिकलो नाही. परसातली भेंडी तोडली, डोक्यावर पाटी घेतली, बाजारात बसलो आणि शिकलो." टाळ्या पडल्या. ताई पुढच्याच रांगेत बसली होती. तिनेही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं परसात होतो. आता तिथे बोअर आहे, मोटर आहे, नळाला पाइप लावून मी झाडांना पाणी देतो. ताई हाताला पदर गुंडाळून भेंडी तोडत होती. भेंडीची लव हाताला खाजते, म्हणून ती पूर्वीपासून तसंच करते.

"काल छान बोललास," ती म्हणाली. "एक सांगू? राग येणार नाय ना?"

"सांग की."

"भेंडीला पाणी कोण घालायचं?"

"तू आणि आई."

"मंग तेवढं बोलायचं होतंस."

इतकंच म्हणून ती पुढच्या झाडाकडे सरकली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तसं तिने सांगितलं. मी मात्र पाइप हातात धरून तसाच उभा राहिलो. एका आळ्यात पाणी भरून बाहेर वाहायला लागलं तेव्हा भानावर आलो.

माझ्या मनाने आधी बाजू मांडली. मी खोटं कुठे बोललो? पाटी मीच नेली, उन्हात मीच बसलो. मग रात्री कागद घेऊन हिशोब मांडला. मास्तराची सवय. नदी जाऊन-येऊन दीड किलोमीटर. भेंडीसाठीच्या दिवसाला दोन खेपा. संक्रांतीपासून मेअखेरपर्यंत धरा 120 दिवस. म्हणजे 240 खेपा, 360 किलोमीटर. आसनगाव स्टेशनापासून मुंबईचं व्हीटी साधारण 86 किलोमीटर आहे. म्हणजे एका हंगामात या दोघी मुंबईला दोनदा जाऊन दोनदा परत आल्या, त्यातली निम्मी वाट भरला हंडा डोक्यावर. मी आठवड्यातून एकदा बाजारात गेलो. माझी पाटी सगळ्यांना दिसली, कारण ती बाजारात उघडली. त्यांचा हंडा मुळाशी ओतला गेला आणि मातीत दिसेनासा झाला.

कॉलेजात राज्यशास्त्राच्या तासाला जॉन लॉक शिकलो होतो. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ. निसर्गातल्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो आणि त्यामुळे ती त्याची होते, असं त्याचं म्हणणं. तेव्हा मला ते फार पटलं होतं, कारण माझ्यापुढे माझी पाटी होती. पण त्याच विवेचनात तो सहज एक उदाहरण देऊन जातो. नोकराने कापून आणलेली माती-गवताची ढेकळंही मालकाचीच मालमत्ता, असं त्यात तो धरून चालतो. श्रम नोकराचे आणि वस्तू मालकाची. तेव्हा परीक्षेपुरतं वाचलेलं ते उदाहरण चाळीस वर्षांनी आठवलं आणि टोचलं. लॉकला त्यात काही खटकलं नाही. मलाही कुठे खटकलं होतं?

यावर कुणी म्हणेल, घरातल्या घरात कसला हिशोब? बहीण भावासाठी करते, आई मुलासाठी करते. माया आणि मापं एकत्र नांदत नाहीत. हे मलाही मान्य आहे. ताईने कधी खेपा मोजल्या नाहीत, मोजल्या त्या मी, आणि तेही बेचाळीस वर्षांनी. पण या युक्तिवादात एक पळवाट आहे. हिशोब ठेवायचा नाही, हे ठरवायचा अधिकार देणाऱ्याचा. घेणाऱ्याने "आपल्यात कसला हिशोब" असं म्हटलं तर ती माया नसते, सोय असते. ताईने म्हटलं असतं तर तो तिचा मोठेपणा. मी म्हटलं तर ती बुडवेगिरी.

तिने तर हिशोब मागितलाही नव्हता. मी दुसऱ्या दिवशी चाचरत पैशाचं विचारलं, तेव्हा ती हसली. "पैसं काय करू? तू शिकलास ते बरंच झालं. फक्त एकट्यानं शिकलो असं बोलू नको." तिला वाट्यातला भाग नको होता. वाटा लागताना आपलं नाव घेतलं जावं, एवढंच तिचं म्हणणं. मला वाटतं, पैसे देणं त्या मानाने सोपं गेलं असतं. पैसे दिले असते तर माझी गोष्ट तशीच शाबूत राहिली असती.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट निघाली, ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. मुंबईच्या पाण्यावर मी तावातावाने बोलणारा माणूस. आमच्या शहापूर तालुक्यातलं तानसा धरण 1892 सालचं. मग वैतरणेवरचा मोडकसागर, मग भातसा, आणि 2014 साली मध्य वैतरणा. मुंबईच्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचं. आणि त्याच तालुक्यात एप्रिल-मे मध्ये पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. माणूस आत शिरेल एवढ्या जाड जलवाहिन्या आहेत, आणि बायका नदीत वाटीने पाणी भरतात. सभांमधून मी विचारायचो, "मुंबईकर नळ सोडताना म्हणतो, मी बिल भरतो, पाणी माझं. अरे, पण ते येतं कुठून?"

प्रश्न चुकीचा नव्हता, आजही नाही. मुंबईची बाजूही आहे. धरणांवर आणि जलवाहिन्यांवर त्या शहराचा पैसा लागला, आणि तिथल्या चाळीतल्या बाईलाही पहाटे चारला नळाला नंबर लावावा लागतो. पण बिल भरल्याने नळ आपला होतो. ज्यांच्या जमिनी बुडाल्या, ज्यांचे पाडे धरणाच्या काठावर कोरडे राहिले, त्यांच्याकडचं देणं त्या बिलात कुठल्याच रकान्यात नसतं. हे मी मुंबईकराला ऐकवत होतो, आणि माझ्या घरचं हेच देणं माझ्या कुठल्याच भाषणात नव्हतं. मुंबईने तालुक्याचं जे केलं ते मी ताईचं केलं होतं. पाणी तिचं, आणि पिकलं ते माझ्या नावावर.

आता आमच्याकडची भेंडी खोक्यांत भरून परदेशी जाते. पहाटे हाताला फडकी बांधून बायका ती तोडतात. खोक्यावर माल पाठवणाऱ्याचं नाव असतं. असू दे. प्रत्येक खोक्यावर शंभर नावं छापता येत नाहीत, हे समजतं. पण खोक्यावर नाव नाही म्हणून ते मालकाच्या तोंडातही नसावं, असं नाही.

मग तोडणाऱ्याचं काहीच नाही का? आहे. तोडणं हेही काम आहे. वेळेवर तोडलं नाही तर भाजी जून होते आणि आणलेलं पाणी फुकट जातं. म्हणून मी शिकलो याची लाज मला वाटत नाही. वाटते ती एकट्याने तोडल्याच्या थाटाची. हातात आलेली भाजी आपली खरी, पण ती हातात येईपर्यंत कुणाकुणाच्या डोक्यावरून आली, ते बोलायचं कर्जही तिच्याबरोबरच हातात येतं. फेडता येईल असं ते कर्ज नसतं. ते कबूल तेवढं करता येतं, आणि कबूल करायलाही मला निवृत्त व्हावं लागलं.

ताई त्या खेपेला चार दिवस राहिली. निघायच्या सकाळी आम्ही शेवटची तोडणी केली. कडेच्या दोन झाडांपाशी आल्यावर तिने माझा हात धरला.

"ही दोन तोडू नको. बी धरू दे."

"तेवढी भाजी कमी निघंल," मी सवयीने म्हणालो.

"निघू दे की."

मी ती दोन झाडं सोडली. शेंगा वीतभर झाल्या, मग राकट झाल्या, मग वाळून तपकिरी पडल्या आणि शिरांवर उकलायला लागल्या. मृगाच्या आधी मी त्या काढल्या, बी सोललं, आणि राख लावून दोन पुड्या बांधल्या. एक घरात ठेवली. दुसरी घेऊन एसटीने डोळखांबला गेलो. ताई अंगणात होती. दारातल्या नळाला पाणी नव्हतं आणि ती दोन हंडे घेऊन निघाली होती. त्यातला एक मी घेतला.